नाझरेथहून बेथलेहेमला, उत्तनच्या बसने

"तुमच्या पेशव्यांनी आमची घंटा नेली, ती परत कवा देतायत गो?"

भिंतीपलीकडून हा प्रश्न आला की समजायचं, मावशीचा जवळा निवडून झालाय आणि तिला आता कुणीतरी बोलायला हवंय. मावशी म्हणजे आमची शेजारीण. माहेर गोराईचं, सासर डोंगरीचं, एक लेक खाडीपलीकडे वसईत दिलेली. माझं आडनाव कोकणस्थी पडल्यामुळे पेशवाईची सगळी उधारी ती माझ्याच नावावर मांडते. त्यात मी नाशिकला जाऊन आले आणि नारोशंकराच्या देवळातल्या घंटेचा फोटो तिला मोबाईलवर दाखवला. घंटेवर १७२१ साल आहे. ही घंटा वसईच्या मोहिमेतून गेलेली, असं मी सांगितलं मात्र, तेव्हापासून हे सुरू झालं.

"मावशी, ती डोंगरीची नव्हे, वसईची आहे."

"वसईची म्हंजे कोनाची? ही काय समोर वसई. चौकाच्या टेकावरून दगड मारला तर पडेल."

दगड काही पडणार नाही, मध्ये अख्खं खाडीचं मुख आहे. पण मुद्दा बरोबर होता. १७३९ मध्ये पोर्तुगीजांची वसई मराठ्यांच्या हाती पडली आणि तिथल्या चर्चच्या घंटा विजयाच्या खुणा म्हणून देशावर गेल्या. एक नाशिकला, एक भीमाशंकरला, एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. मेणवलीच्या घंटेवर तर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. नाना फडणविसांच्या वाड्यामागे, शंकराच्या देवळाजवळ. हे सांगितल्यावर मावशी भडकेल असं मला वाटलं होतं. तिने जवळ्याचं सूप आपटलं आणि म्हणाली, "मारियेला बरीच फिरवली गो त्यांनी. पण वाजवतात ना? मग असूं दे. नुसती कपाटात ठेवली असती तर मी भांडले असते."

आता आम्ही राहतो ते हे ठिकाण नेमकं कुठे, हे सांगायला हवं, कारण निम्म्या मुंबईला ते माहीत नाही. हे धारावी बेट. त्या धारावीचा आणि याचा काही संबंध नाही. ती माहीमच्या खाडीवरची, ही वसईच्या खाडीवरची. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्व-दक्षिणेला मनोरीची खाडी. त्या चौकटीत उत्तन, चौक, पाली, डोंगरी, तारोडी, गोराई, कुलवेम, मनोरी ही गावं. भाईंदरहून मुर्धा, राई, मोर्वा करत रस्ता येतो, दोन्ही बाजूंना खाजण आणि मिठागरं. त्या रस्त्यामुळे आता हे बेट असल्याचं बसमधल्या कुणाच्या ध्यानातही येत नाही. पाहुण्यांना "धारावीला या" म्हटलं की ते सायनला उतरतात. म्हणून आम्ही सगळे निमूटपणे "उत्तनला या" म्हणतो, मग घर डोंगरीत का असेना.

कागदावर तर या बेटाची पार वाटणी झाली आहे. गोराई आणि मनोरी मुंबई महापालिकेत, जिल्हा मुंबई उपनगर. उत्तन-डोंगरी मीरा-भाईंदरमध्ये, जिल्हा ठाणे. समोरची वसई २०१४ पर्यंत ठाण्यातच होती, ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेली. चर्चच्या दप्तरातही तसंच. १९९८ मध्ये वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला, आम्ही मात्र मुंबईच्या महाधर्मप्रांतातच राहिलो. मावशीच्या लेकीच्या लग्नाच्या वेळी दोन्ही देवळांत नावं पुकारावी लागली. (चर्चला ती देऊळच म्हणते. इथली जुनी माणसं सगळी म्हणतात.) "मुलगा दिसायला समोरच्या काठावर, आणि कागदं बघशील तर परदेशात चाललीय असं वाटावं," हे तिचं म्हणणं. माहेरचं पाणीबिल एका महापालिकेचं, सासरचं दुसरीचं. आणि पाणी दोन्हीकडे बेताचंच, हे सांगायला ती विसरत नाही.

पण या बेटाची खरी गंमत मला बसमध्ये कळली, आणि ती मावशीनेच दाखवली.

भाईंदर पश्चिमेला जे जुनं चर्च आहे ते नाझरेथ मातेचं, १५७५ चं. आमचं डोंगरीचं चर्च बेथलेहेम मातेचं, १६१३ चं. आणि गोराईचं चर्च तीन राजांचं, म्हणजे ताऱ्यामागून बाळाला भेटायला आलेल्या त्या तिघांचं. आता बायबलातली गोष्ट आठवा. शिरगणतीचं फर्मान निघालं म्हणून योसेफ आणि दिवस भरलेली मारिया नाझरेथहून निघून बेथलेहेमला आली. तिकडे ती वाट शंभरावर किलोमीटरची. इकडे भाईंदर स्टेशनाबाहेर उत्तनची बस पकडायची, की मुर्धा-राई मागे टाकत सरळ बेथलेहेम.

"आणि आमचे राजे दुसऱ्या बाजूने येतात," मावशी माहेराभिमानाने म्हणाली. "गोराईहून. सहा जानेवारीला त्यांचा सण. बाळ जन्मल्यावर बारा दिवसांनी पोचतात. गोराई-डोंगरी बारा दिवस? तेव्हाही रिक्षावाले नाय म्हनत असणार."

नावं ठेवणाऱ्या पाद्र्यांनी हा नकाशा मुद्दाम आखला की जुळून आला, ते असो. नाताळात मात्र या रस्त्याला अर्थ येतो एवढं खरं. घरोघरी गोठे, झावळ्यांचे तारे, आणि उत्तन नाक्यावर इतकी गर्दी की मारिया-योसेफाला आजही जागा मिळायची नाही.

पोर्तुगीज इथे आले ते गुजरातच्या सुलतानाने १५३४ मध्ये वसई आणि साष्टी (त्यात आमचं बेटही आलं) त्यांच्या हवाली केली म्हणून. पुढे दोनशे वर्षं त्यांनी गढ्या बांधल्या, चर्च बांधली, दगड कापले. वसईचा काळा दगड गलबतांतून गोव्यापर्यंत गेला. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूसच्या दर्शनी भागात तो आजही आहे. मावशीच्या मते त्यातला निम्मा आमच्या डोंगरातून गेला. त्यावर मी वाद घालत नाही, कारण घातला की ती डोंगराकडे बोट दाखवून "मग हा खड्डा काय उंदरांनी केला?" असं विचारते.

चौकाच्या टेकडीवर धारावीचा किल्ला होता, जंजिरे धारावी. आज तिथे पडक्या भिंती, बुरुजाचे अवशेष आणि महापालिकेने उभारलेलं, वसई घेणाऱ्या चिमाजी अप्पांचं स्मारक. रविवारी पोरंपोरी येतात, पुतळ्यासमोर फोटो काढतात आणि भेळ खाऊन जातात. त्यांच्यापैकी एखाद्यालाच कळत असेल की ही टेकडी कुणाला का हवी होती. उत्तरेकडे तोंड करून उभं राहा. खाली खाडीचं मुख, पलीकडे वसईचा कोट. वसईला जाणारं गलबत समुद्रातून खाडीत वळलं की या टेकडीच्या डोळ्यांसमोरून जाणार. इथे तोफ असेल तर वसईला दाणागोटा नाही, दारू नाही, कुमक नाही. म्हणून १७३७ मध्ये ठाणं पडल्यापासून धारावीसाठी झटापट चालली. मराठ्यांनी घेतली, पोर्तुगीजांनी हिसकावली, शेवटी १७३९ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ती कायमची घेतली. मे महिन्यात वसई शरण आली. शाळेच्या पुस्तकात वसईचा वेढा, सुरुंग, पडलेला बुरुज हे सगळं येतं, पण धारावीला एक ओळसुद्धा मिळाली तर नशीब. माझ्या मते वसईची मान इथे आवळली गेली, तिथे फक्त प्राण गेला.

एकदा मी मावशीला स्मारकापाशी घेऊन गेले. ती पुतळ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "घोडा छान आहे."

"आणि स्वार?"

"स्वार तुमचा. माझं काय विचारतेस? माझे लोक तेव्हा खाली होते."

हेच मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं. वरच्या किल्ल्यावर झेंडे बदलत होते तेव्हा खाली गावं होती. कोळी होते, शेतकरी होते, मीठ पिकवणारे होते, त्यातले पुष्कळसे तोवर ख्रिस्ती झालेले. वसईच्या तहात पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रं-निशाणांसह वाजतगाजत बाहेर पडू दिलं, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मुभा दिली. परदेशी पाद्री बहुतेक निघून गेले. कोळ्यांनी कुठे जायचं? समुद्र त्यांचा इथला, खाडी इथली. ते राहिले. गोव्याकडचे आणि इथलेच देशी पाद्री गावं सांभाळू लागले. पाद्री नसेल तिथे लोकांनी घरी जपमाळ म्हटली, खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, लदीन ही प्रार्थना म्हटली. १७६० मध्ये आंकेतिल-द्युपेराँ नावाचा फ्रेंच प्रवासी साष्टीतून गेला, तेव्हा इथे मराठ्यांचं राज्य होतं. तो लिहून गेलाय की ठाण्याला सणाच्या मिरवणुकीला गावोगावचे ख्रिस्ती जमत होते आणि सरकार आडवं येत नव्हतं.

हे मी सांगितलं तेव्हा मावशीने विचारलं, "मग आमचं भांडण कोनाशी होतं?"

"कुणाशीच नव्हतं बहुतेक."

"तरी घंटा नेली."

घंटा काही सुटत नाही.

इंग्रजांनी साष्टी १७७४ च्या डिसेंबरात घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती पक्की केली. त्यांचा इथल्या गप्पांत फारसा वाटा नाही. एक मात्र त्यांच्या काळातलं चिकटलं. मुंबईत नोकऱ्यांसाठी गोव्याचे, मंगळूरचे ख्रिस्ती येऊ लागले, तेव्हा इथल्या मूळच्यांनी आपलं वेगळेपण सांगायला १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. पश्चिम किनाऱ्यावर राहून ईस्ट इंडियन! मावशी मात्र स्वतःला आधी कोळीण म्हणते, मग ख्रिस्ताव, आणि ईस्ट इंडियन फक्त मसाल्याच्या बाटलीवर. तो बॉटल मसाला ती मे महिन्यात कुटून घेते आणि बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत काठीने ठासून भरते. मला दर वर्षी एक बाटली मिळते. त्यात नेमकं काय काय पडतं हे अजून मिळालेलं नाही.

लुगडं नेसायची पद्धत, लग्नाआधी विहिरीवरून उंबराचं पाणी आणायचं, हळद लावायची, हे सगळं तिच्याकडे आमच्यासारखंच. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा. भाताच्या नव्या लोंब्या देवळात नेऊन आशीर्वाद घ्यायचा, त्यातले दाणे घरी आणायचे. भातशेती आता कमी उरली, त्यामुळे काही घरांत लोंब्या मागून आणाव्या लागतात. मावशीची आई लॅटिन मिसेची उत्तरं तोंडपाठ म्हणायची, एका शब्दाचा अर्थ न कळता. साठच्या दशकात व्हॅटिकनच्या परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली. "तेव्हा आईला पहिल्यांदा कळलं की ती इतकी वर्षं काय कबूल करत होती," मावशी सांगते. "दोन दिवस गप्प होती."

आगेऱ्यानंतर बोंबलाचं सुकवण जोरात सुरू होतं. उत्तन-पालीच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडी उभ्या राहतात, दोन-तीन मजल्यांच्या. बोंबील दोरीवर कसे टांगतात हे जवळून पाहण्यासारखं आहे. सुतळी नाही, आकडा नाही. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवरून दोन्ही बाजूंना सोडायची. त्यांचे दातच एकमेकांना धरून ठेवतात. मावशीचा हात इतका चालतो की जबडा कधी उघडला तेच दिसत नाही. मी करायला गेले तर बोंबील मऊ पडून हातातच राहिला. "दाबू नको, त्याला तोंड उघडू दे," असा सल्ला मिळाला. मग लगेच, "तुला तोंड उघडायला सांगावं लागत नाय, त्याला लागतं."

हे बोंबील डोलीच्या जाळ्यात येतात. मोठी पिशवीसारखी जाळी खुंटांना बांधून भरती-ओहोटीच्या तोंडाशी लावायची, पाणी मासळी आणून देतं. या खुंटांच्या जागांना कवी म्हणतात, आणि त्यांवरून उत्तन-वसईचे कोळी आणि पालघर-डहाणूचे कोळी यांच्यात जुनी धुसफूस आहे. जून-जुलैत सरकारी बंदी, बोटी वर ओढलेल्या. ऑगस्टात नारळ पडतो, फादर बोटींवर पाणी शिंपडतात, आणि उत्तनच्या समुद्रमातेच्या देवळात दर्यावर जाणाऱ्यांसाठी मिस्सा होते. मग पालीच्या वेलंकनी मातेचा सण, ८ सप्टेंबरच्या सुमाराला. त्या दिवसांत घरात माणसांपेक्षा पाहुणे जास्त असतात.

आता जरा कडू. १९९० च्या सुमाराला आमच्या ग्रामपंचायती मीरा-भाईंदर नगरपरिषदेत गेल्या, २००२ च्या २८ फेब्रुवारीला महापालिका झाली. गावांना काय मिळालं? बस मिळाली, दिवे मिळाले, हे नाकारून चालणार नाही. आणि धावगीच्या डोंगरावर सगळ्या शहराचा कचरा मिळाला. त्याला आग लागते तेव्हा वारा कुठल्या गावाकडे आहे हे आधी बघतात, मग वाळत घातलेली मासळी आत घ्यायची की नाही ते ठरतं. मधे गोराई-मनोरी-उत्तन पट्टा पर्यटनासाठी विकसित करायच्या योजना आल्या, तेव्हा धारावी बेट बचाव समिती उभी राहिली आणि चर्चच्या आवारांत सभा झाल्या. मेट्रो ९ ची कारशेड आधी राई-मुर्ध्याला येणार होती. तिथल्या लोकांनी विरोध केला तेव्हा ती डोंगरीच्या डोंगरावर ढकलली, आणि मग हजारो झाडांचा प्रश्न उभा राहिला. आता उत्तन-विरार सागरी सेतू, जोडरस्ते धरून पंचावन्न किलोमीटर. मावशीचा त्यावर एकच प्रश्न आहे: "तो आमच्या डोलींच्या वरून जाणार की मधून?" हा प्रश्न भाबडा वाटेल, पण सेतूच्या चित्रांत मला तरी त्याचं उत्तर दिसलेलं नाही. चित्रांत समुद्र निळा असतो आणि त्यात एकही बोट नसते.

सुधारणा नकोत असं इथे कुणी म्हणत नाही. मावशीच्या नातवाला मेट्रो हवी आहे, मलाही हवी आहे. वसई-भाईंदर रो-रो बोट २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा मावशीच पहिल्या आठवड्यात लेकीकडे जाऊन आली आणि आठवडाभर कौतुक करत होती. पण जे बेट चारशे वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर कधी तुकडा तर कधी ठिपका म्हणून राहिलं, त्याचा स्वतःचा कागद कोणता, हे विचारलं तर माझ्या मते दोनच जागा आहेत. एक म्हणजे चर्चमधली बाप्तिस्मा-लग्न-मरणाची पुस्तकं. ती आत सुरक्षित आहेत. दुसरी म्हणजे रस्त्याकडेचे खुरीस.

मुंबईच्या परिसरातल्या ख्रिस्ती गावांत असे खुरीस पावलापावलावर आहेत. कित्येक १८९६ च्या प्लेगनंतरचे, मरी गावाबाहेर राहावी म्हणून उभारलेले. काहींच्या चौथऱ्यावर साल, घराण्याचं नाव, क्वचित नवसाची ओळ. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आहे. दर सणाला कुणीतरी भक्तीने त्याला ऑइलपेंट फासतं, कधी पांढरा, कधी निळा. थरावर थर चढून अक्षरं बुजत आली. परवा मावशीने नारळाच्या शेंडीने आणि थोड्या रॉकेलने ते घासून बघितलं. १, ९, ० हे आकडे निघाले. चौथा आकडा सिमेंटच्या पट्टीखाली गेला होता, जी रस्ता वर उचलताना ओतली. "माझ्या आजीच्या लग्नाआधीचा आहे," एवढंच ती सांगू शकली.

रस्ते अजून रुंद होणार आहेत आणि हे खुरीस सरकवले जाणार आहेत. सरकवायला हरकत नाही, गावं तशी समजुतीने वागतात. पण सरकवताना चौथरा फुटतो आणि नवा टाइल्सचा येतो, त्यावर नवीन देणगीदाराचं नाव. म्हणून उत्तन, डोंगरी, गोराई, मनोरी, राई, मुर्धा इथल्या वाचकांना एक विनंती आहे. आपल्या गल्लीतल्या खुरसाचा, वेशीवरच्या मारुतीचा, विहिरीच्या कठड्यावरच्या शिलालेखाचा फोटो या नाताळाच्या आत काढा. रंग चढवण्यापूर्वी काढा. खाली गाव, गल्ली आणि दिसेल ते साल लिहा. एक छापील प्रत चर्चच्या किंवा देवळाच्या कार्यालयात द्या, एक गावच्या शाळेत. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी उभं करून विचारा की हा कोणी बांधला. आठवणीत असलेलं नाव मागे पेन्सिलने लिहून ठेवा.